कुंपणाच्या पेन्सिली

मागच्या अंगणातले जुने कुंपण आम्ही काढायला घेतले, तेव्हा शेजारचे म्हातारबुवा लगबगीने आले आणि म्हणाले, जाळू नका, हे सीडर आहे. वरून राखाडी, भेगाळलेला खांब. त्यांनी त्यावर करवत चालवली आणि आतून जांभळट लाल गाभा निघाला. वास आला तो थेट मामाने परदेशातून आणलेल्या पेन्सिलींच्या डबीचा! त्या पेन्सिलींना टोक काढून निघालेली फुले आम्ही दुधात भिजत घातली होती, खोडरबर होईल म्हणून. (झाले नाही. कुणा सभासदाचे झाले असल्यास कळवावे.)

टेनेसीत इतकी वर्षे राहून या लाकडाची गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती.

मुळात हे झाड सीडर नव्हेच. खरा सीडर म्हणजे आपल्या हिमालयातल्या देवदाराच्या कुळातला. हे आहे ज्युनिपर. लिनियसने १७५३ साली त्याला ज्युनिपेरस व्हर्जिनियाना असे नाव दिले. पण इंग्रज वसाहतवाल्यांनी लाल, सुवासिक लाकूड पाहिले आणि ओळखीचे नाव देऊन टाकले. त्यांना हसू नये. आमच्या घरात झुकिनीला अजून दोडकाच म्हणतात.

लाकूड मऊ, एकसारख्या पोताचे. धारदार चाकू आडवा चालवा की उभा, ढलपी न उडता स्वच्छ कापले जाते. वाळताना फारसे आकसत नाही. लाल गाभा जमिनीत पुरला तरी वर्षानुवर्षे कुजत नाही. कडेचे पांढरट लाकूड मात्र लवकर जाते. दोषही आहेत. गाठी पुष्कळ, आणि ठिसूळ इतके की खिळा मारण्यापूर्वी भोक पाडलेले बरे. पण पेन्सिलीला याहून चांगले लाकूड त्या काळी जगात कुणाला सापडले नव्हते.

आणि तेच त्याच्या मुळावर आले. न्यूरेंबर्गजवळच्या स्टाइन गावच्या पेन्सिलवाल्या फाबर घराण्यातला एबरहार्ड फाबर १८४८ साली न्यूयॉर्कला आला. फ्लोरिडातल्या सीडर की या बेटाजवळची झाडे तोडून लाकूड जर्मनीला धाडू लागला. १८६१ मध्ये त्याने न्यूयॉर्कलाच कारखाना काढला. पाठोपाठ इतरही आले. झाड वाढते सावकाश आणि तोडले जाते एका सकाळी. १८९६ च्या सप्टेंबरात चक्रीवादळाने सीडर कीच्या गिरण्या वाहून नेल्या, पण तोवर तिथली चांगली झाडे जवळजवळ संपलीच होती.

मग पाळी आली आमच्या टेनेसीची. इथलीही जुनी झाडे विरळ झाली, तेव्हा पेन्सिलवाल्यांची नजर शेतांच्या कुंपणांवर गेली. आधीच्या पिढ्यांनी मोठमोठी झाडे चिरून आडवे दांडे रचलेले. लाकूड सरळ, उन्हापावसात मुरलेले. शेल्बीव्हिल गावी १९१६ साली सुरू झालेल्या मसग्रेव्ह कंपनीने शेतकऱ्यांना नवे तारेचे कुंपण घालून दिले आणि बदल्यात जुने दांडे नेले. त्यांच्या पट्ट्या कापून जर्मनीला पाठवल्या. शेतकऱ्याला वाटले असेल, काय खुळा माणूस आहे! एका पिढीने जंगल संपवले, पुढचीने कुंपणे.

तेही पुरेना, तेव्हा धंदा कॅलिफोर्नियातल्या इन्सेन्स सीडरकडे वळला. ते लाकूड फिके. गिऱ्हाइकाला लाल, वासाची पेन्सिल हवी, म्हणून त्याला रंग आणि अत्तर लावून विकत!

याच लाकडाच्या पेट्या इथे घरोघर असतात आणि आपल्या भगिनी त्यांत पैठण्या ठेवतात, म्हणून दोन शब्द. ताज्या लाकडाच्या वासाने कसरीच्या अगदी लहान अळ्या मरतात, मोठ्या नाही. आणि काही वर्षांत जोर ओसरतो. पॉलिशकागद घासला की वास परततो. साडी लाकडाला थेट टेकू देऊ नये, तेलाचे डाग पडतात. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी. दुसरे फार महत्त्वाचे. १९८७ पूर्वीच्या कित्येक पेट्यांना झाकण पडताच आपोआप लागणारे कुलूप असते. खेळताना आत लपलेली मुले गुदमरून गेली आहेत, आणि १९९६ साली अशी लक्षावधी कुलपे बदलून देण्याचे जाहीर झाले. गराज सेलमधून पेटी आणलीत तर आधी कुलूप काढा.

झाड मात्र नामशेष झालेले नाही. ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का इकडे पूर्वी वणवे त्याची रोपे जाळीत. आता वणवे विझवले जातात, म्हणून ते गवताळ रानांत इतके पसरले आहे की शेतकरी त्याला तण समजून उपटतात. पण ही बहुतेक झाडे तरुण आणि गाठाळ. पेन्सिलीला लागणारे जुने, सरळ लाकूड त्यांत क्वचितच मिळते.

आमच्या कुंपणातून मुलांसाठी एक पेन्सिलपेटी झाली. सुतारकाम बेताचेच, झाकण तिरके बसते. अजून दोन खांब गराजमध्ये पडून आहेत. हौशी सभासदांनी खुशाल घेऊन जावे. येताना करवत आणावी, आमची बोथट झाली आहे.