विरूपतेची भीती आणि रूपाची चिंता : एका निदानाचा इतिहास

स्वतःच्या रूपाविषयी थोडेबहुत असमाधान ही मनुष्यमात्राची सर्वसाधारण वृत्ती आहे. नाक किंचित बसके आहे, केस विरळ होत चालले आहेत, चेहऱ्यावर मुरमे उठली आहेत, अशा तक्रारी प्रत्येक काळात आणि प्रत्येक समाजात आढळतात. परंतु काही व्यक्तींच्या ठिकाणी हीच तक्रार सारे जीवन व्यापून टाकते. इतरांना जो दोष दिसतही नाही, त्याच्या चिंतेने त्यांचे शिक्षण, व्यवसाय आणि लोकव्यवहार थांबतात. या अवस्थेला आज मनोविकृतिशास्त्रात ‘बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर’, म्हणजेच देहविरूपता-विकार, असे म्हणतात. सर्वसाधारण चिंता आणि हा विकार यांच्यामधील सीमारेषा कोठे आखावी, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला एकदम सापडले नाही. त्या शोधाला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

या विकाराला पहिले शास्त्रीय नाव दिले ते इटालियन मनोवैद्य एन्रिको मोर्सेल्ली (१८५२–१९२९) यांनी. इ. स. १८९१ मध्ये जेनोवा येथील वैद्यक अकादमीपुढे त्यांनी स्थिर कल्पनांनी ग्रासलेल्या वेडाचे दोन नवे प्रकार मांडले. एक, जिवंत पुरले जाण्याची भीती. आणि दुसरा, ‘डिस्मॉर्फोफोबिया’ किंवा विरूपताभीती. मोर्सेल्लींनी वर्णिलेला रुग्ण जेवताना, वाचताना, बोलताना, दिवसाच्या कोणत्याही घटकेला आपण कुरूप झालो आहोत की काय या शंकेने एकाएकी पछाडला जातो. खात्री करून घेण्यासाठी तो आरशाकडे धावतो. पण शंका फिटत नाही, ती पुनः पुनः उद्भवते.

या नावातील मूळ ग्रीक शब्द हिरोडोटसच्या इतिहासग्रंथाच्या सहाव्या भागात येतो. स्पार्टातील एका संपन्न घराण्यात कुरूप मुलगी जन्मली. तिची दाई तिला रोज थेराप्ने येथील हेलनच्या मंदिरात नेई आणि या कुरूपतेतून मुलीला सोडव, अशी प्रार्थना करी. एके दिवशी एका अनोळखी स्त्रीने मुलीच्या मस्तकावरून हात फिरवला, आणि पुढे ती स्पार्टातील सर्वांत सुंदर स्त्री झाली, अशी ही कथा आहे. येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कथेतील मुलीची कुरूपता आईबापांना आणि दाईला दिसत होती. मोर्सेल्लींच्या रुग्णांची ‘कुरूपता’ त्यांच्यावाचून कोणालाच दिसत नव्हती. म्हणजे नाव घेतले गेले ते रूपाच्या दोषावरून. विकार मात्र रूपाचा नसून मनाचा होता. पुढील काळातील पुष्कळसा गोंधळ या विसंगतीत बीजरूपाने होता, असे म्हणता येईल.

मोर्सेल्लींनंतर फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी इ. स. १९०३ मधील आपल्या ग्रंथात या अवस्थेची गणना ‘देहाच्या लज्जेच्या’ अनिवार्य कल्पनांत केली. भीतीऐवजी लज्जेवर भर देण्यात जाने यांची सूक्ष्म दृष्टी दिसते. भय बाह्य संकटाचे असते, तर लज्जा पाहणाऱ्या डोळ्यांची असते. रुग्ण लोकांपुढे येणे का टाळतो याचा उलगडा त्यामुळे अधिक चांगला होतो. जर्मन मनोवैद्य एमिल क्रेपेलिन यांनीही या विकाराला अनिवार्य विचारांच्या विकृतीतच स्थान दिले. याप्रमाणे विसाव्या शतकाच्या आरंभी निदानाची दिशा बऱ्याच अंशी निश्चित झालेली होती.

ती पुढे बदलली. फ्रॉइड यांनी १९१८ मध्ये ज्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तो ‘वुल्फ मॅन’ या नावाने ओळखला जाणारा रुग्ण १९२६ साली रूथ मॅक ब्रन्सविक यांच्याकडे उपचारास आला. नाकावरील एका क्षुल्लक व्रणाने त्याचे चित्त ग्रासले होते. तो खिशातील आरशात वारंवार नाक पाही आणि त्यावर पावडर लावी. पूर्वी त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या उपायांनी त्याला तात्पुरते समाधान मिळाले होते. परंतु अखेरीस त्या उपायांचाच व्रण नव्या तक्रारीचे कारण झाला. ब्रन्सविक यांनी १९२८ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला व त्याचे निदान संभ्रमविकृती असे केले. जाने व क्रेपेलिन यांना जेथे अनिवार्य कल्पना दिसली होती, तेथे आता भ्रम दिसू लागला.

जपानमध्ये या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले गेले. तेथील मनोवैद्यकात ‘ताइजिन क्योफुशो’, म्हणजे इतरांच्या सान्निध्याची भीती, या वर्गात ‘शुबो-क्योफु’ हा उपप्रकार मानला जातो. आपल्या विरूपतेमुळे इतरांना क्लेश होतील, ही चिंता त्यात प्रमुख असते. पाश्चात्त्य रुग्णाला बहुधा लोक हसतील याचे भय असते, तर जपानी रुग्णाला आपण लोकांना दुखवू याचे. विकाराचा गाभा एकच असला, तरी त्याला शब्द मिळतात ते त्या त्या समाजाच्या नीतिकल्पनांतून, हे यावरून दिसते.

आधुनिक वर्गीकरणाचा प्रवास अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या निदानपुस्तिकांत स्पष्ट दिसतो. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत विरूपताभीती हे शारीरिक तक्रारींच्या रूपाने प्रकटणाऱ्या विकारांतील एक अपवादात्मक उदाहरण होते. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत तिला स्वतंत्र स्थान व आजचे नाव लाभले. ‘भीती’ हा शब्द गळाला. मात्र ज्याची स्वतःच्या विरूपतेविषयी अढळ खात्री आहे, त्याला भ्रमविकाराच्या वर्गात घातले गेले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही भिंत काढली. रुग्णाला स्वतःच्या कल्पनेविषयी थोडी शंका असो वा तिळमात्र नसो, विकार एकच. फरक केवळ अंतर्दृष्टीच्या प्रमाणाचा. त्याच वेळी या विकाराला अनिवार्य विचार व कृतींच्या वर्गात हलवण्यात आले. २०१९ मध्ये स्वीकृत झालेल्या आणि २०२२ पासून अंमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणानेही हाच मार्ग पत्करला. जाने व क्रेपेलिन जेथे पोहोचले होते, तेथेच शास्त्र शतकानंतर परतले.

या परतीमुळे सीमारेषेचा प्रश्नही सुटणे शक्य झाले. दोष खरा की काल्पनिक, एवढ्याच कसोटीवर निवाडा करू गेल्यास तो फसतो. कारण पुष्कळ रुग्णांच्या ठिकाणी किरकोळ दोष असतोही. निर्णायक आहे ती विचाराची पकड. विवाहाच्या आदल्या दिवशी मुरूम उठल्यामुळे तरुण बेचैन होतो. पण समारंभ सुरू झाला की तो रमतो. विकारग्रस्ताचे दिवसाचे कित्येक तास या एकाच विचारात जातात. तो आरशात पुनः पुनः पाहतो किंवा आरसा कटाक्षाने टाळतो, त्वचा खरवडतो, दोष झाकतो, इतरांशी तुलना करतो, आप्तांकडून आश्वासन मागतो. आश्वासन मिळाले तरी ते टिकत नाही. आणि यातून असह्य क्लेश होतात किंवा व्यवहार खुंटतो. ही चिंता केवळ वजन व मेद यांविषयीची आणि आहारविकृतीतून आलेली असेल, तर निदान निराळे ठरते.

हा भेद केवळ परिभाषेचा नाही. लोकसंख्येच्या पाहण्यांत अमेरिकेत सुमारे २.४ टक्के व जर्मनीत १.८ टक्के प्रौढांत हा विकार आढळला असून स्त्रीपुरुषांतील अंतर अल्प आहे. त्याचा आरंभ बहुधा कुमारवयात होतो, आणि आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण या रुग्णांत फार मोठे असते. असे असता रुग्ण मनोवैद्याऐवजी त्वचातज्ज्ञाकडे वा शल्यविशारदाकडे जातो. शस्त्रक्रियेने विकार बहुधा शमत नाही. वुल्फ मॅनच्या नाकाप्रमाणे तक्रार केवळ स्थान बदलते किंवा रूप बदलते. उलट विचार व वर्तन यांवर आधारलेली मानसोपचारपद्धती आणि अनिवार्य विचारांच्या विकारात वापरली जाणारी सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधे उपयुक्त ठरली आहेत. यावरून वर्गीकरणाचे व्यावहारिक मोल कळते.

चूक दोन्ही बाजूंनी संभवते. रूपाची प्रत्येक चिंता विकार मानली, तर साधे मनुष्यस्वभाव रोगाच्या यादीत जातील. उलट प्रत्येक तक्रार ही नटण्यामुरडण्याची हौस समजली, तर खरा रुग्ण आपल्या लज्जेत एकटा पडेल. आणि लज्जा हेच या विकाराचे लक्षण असल्यामुळे तो आपणहून बोलणारही नाही. हिरोडोटसच्या कथेतील दाईला मुलीचे रूप बदलून हवे होते. मोर्सेल्लींपासून आजवरच्या अभ्यासाने शिकवले ते हे की, या रुग्णाच्या बाबतीत उपाय रूपावर करावयाचा नसून रूपाकडे पाहणाऱ्या मनावर करावयाचा असतो.