न आलेले वादळ

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, विरुद्ध ४८.१ टक्के, मतांच्या हिशेबात एक कोटी चौऱ्याहत्तर लाख आणि एक कोटी एकसष्ट लाख. या सार्वमताची हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु त्यानंतरच्या सहा-नऊ महिन्यांत त्या देशात आर्थिक आशावादाची जी लाट उसळली, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. ती आशा भाबडी होती असे आज म्हणणे सोपे आहे. मागाहून शहाणपण कोणालाही सुचते. त्या वेळी आशा बाळगणाऱ्यांपुढे कोणता पुरावा होता आणि तो खरा असूनही त्याने दगा कसा दिला, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ब्रिटन हे जुने व्यापारी राष्ट्र. १८४६ साली पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांनी परदेशी धान्यावरची जकात उठवण्याचा कायदा केला, त्यात स्वतःचा पक्ष फोडून घेतला, आणि मुक्त व्यापार हा त्या देशाचा जणू कुळाचार झाला. पुढे जागतिक मंदीच्या काळात, १९३२ साली, ओटावा येथील परिषदेत साम्राज्यांतर्गत मालाला सवलत आणि बाहेरच्या मालाला जकात असा उलट मार्ग त्याने धरला. साम्राज्य मावळल्यावर शेजारच्या युरोपकडे वळणे भाग पडले. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ अशी दोनदा दारे लावून घेतली. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटनला युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश मिळाला आणि १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे २०१६ चा कौल हा त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतरचा काडीमोड होता.

या मतदानापूर्वी सरकारने लोकांना भीती घातली. मे २०१६ मध्ये अर्थखात्याने एक अहवाल काढला. बाहेर पडण्याचा नुसता कौल लागला तरी देशात ताबडतोब मंदी येईल आणि दोन वर्षांत सुमारे पाच लाख लोकांच्या नोकऱ्या जातील, असे त्यात म्हटले होते. मतदानाला आठवडा उरला असताना अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी कर वाढवणाऱ्या आणि खर्च कापणाऱ्या तातडीच्या अर्थसंकल्पाचीही धमकी दिली. विरोधकांनी या साऱ्याला ‘भीतीचा प्रकल्प’ असे नाव ठेवले. त्यांच्या पदरीही अतिशयोक्ती होतीच. दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, हे लाल बसगाडीवर रंगवलेले वाक्य प्रसिद्ध आहे. १९८४ पासून ब्रिटनला मिळत आलेली सूट त्या आकड्यातून वजाच केलेली नव्हती.

निकाल लागला. त्या एका रात्रीत पौंडाचा भाव दीड डॉलरवरून १.३३ डॉलरच्या खाली आला. १९८५ नंतर इतका खाली तो कधी गेला नव्हता. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. आता वादळ येणार, म्हणून सर्वांनी खिडक्या लावून घेतल्या.

आणि वादळ आलेच नाही. आठवडाभरातच लंडनच्या शेअर बाजारातील शंभर बड्या कंपन्यांचा निर्देशांक पूर्वपदावर आला आणि जानेवारी २०१७ पर्यंत त्याने विक्रमी पातळी गाठली. दुकानांतली गर्दी हटली नाही. ऑक्टोबरमध्ये निस्सान कंपनीने सुंदरलंडच्या कारखान्यात नवी मोटार बनवण्याचे जाहीर केले. ज्या गावात ६१ टक्के लोकांनी बाहेर पडण्याला मत दिले होते, तेच हे गाव. मंदी दूरच राहिली. पहिल्या अंदाजांनुसार २०१६ साली मोठ्या सात औद्योगिक राष्ट्रांत ब्रिटनची वाढ आघाडीवर होती. २०१७ च्या उन्हाळ्यात बेकारी ४.३ टक्क्यांवर उतरली, १९७५ नंतरची सर्वांत कमी.

जानेवारी २०१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे प्रमुख अर्थतज्ज्ञ अँड्र्यू हाल्डेन यांनी अर्थशास्त्रज्ञांच्या या फजितीची तुलना मायकेल फिश यांच्याशी केली. १९८७ च्या ऑक्टोबरात बीबीसीचे हे हवामानतज्ज्ञ वादळाच्या आदल्या दिवशी लोकांना निर्धास्त करून गेले होते, आणि रात्री इंग्लंडच्या दक्षिण भागात लाखो झाडे उन्मळून पडली. या वेळी प्रकार उलटा झाला. वादळाची दवंडी पिटली आणि सकाळी ऊन पडले. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती मेंढपाळाच्या पोराला धडा म्हणून. परंतु त्या गोष्टीत लांडगा शेवटी खरोखरच येतो, आणि तेव्हा कोणी धावत नाही, हा तिचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे.

न आलेल्या वादळाने आशेला बळ दिले. नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये बर्मिंगहॅमच्या पक्ष अधिवेशनात ‘जागतिक ब्रिटन’ची घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये व्यापारी शिष्टमंडळ घेऊन त्या दिल्ली व बंगळूर येथे आल्या. युरोपच्या दावणीतून सुटलेला देश आता भारत, ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांच्याशी स्वतंत्र करार करील, असे ते स्वप्न होते.

या स्वप्नात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. त्याची एक साक्ष आपल्या कोकणात सापडते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली; पाठवलेल्या मालात फळमाशी आढळली, हे कारण. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांनाही दार बंद झाले. युरोपात जाणाऱ्या हापूसचे मोठे गिऱ्हाईक ब्रिटन. तेथील भारतीय वस्तीतल्या दुकानदारांनी ओरड केली, पार्लमेंटात प्रश्न निघाला. परंतु बंदी उठवण्याचा अधिकार लंडनला नव्हता, तो ब्रुसेल्सला होता. आंब्यापुरती ही बंदी २०१५ च्या आरंभी उठली, पण देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांचा एक हंगाम गेला तो गेलाच. ज्या देशात आंबा पिकत नाही आणि पिकणारही नाही, त्याने दक्षिण युरोपातल्या फळबागांच्या काळजीपायी आपले दार का लावावे, हा लेस्टरच्या दुकानदाराचा प्रश्न रास्त होता. आपले नियम आपण करावेत या म्हणण्याला असा अनुभवाचा आधार होता.

अडचण निराळी होती. आशा एकच दिसत असली तरी ती बाळगणारे दोन होते, आणि दोघांच्या मनातले चित्र परस्परविरोधी होते. कार्डिफचे अर्थशास्त्रज्ञ पॅट्रिक मिनफर्ड यांच्यासारखे विद्वान पीलच्या परंपरेतले. सर्व जकाती उठवा, जगातून स्वस्त माल येऊ द्या, राष्ट्रीय उत्पन्न ४ टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा हिशेब. त्यात देशातील काही कारखानदारी आटोपती घ्यावी लागेल, हेही त्यांनी लपवले नव्हते. उलट सुंदरलंडचा कामगार किंवा ग्रिम्सबीचा कोळी यांना हवे होते ते संरक्षण: आपला कारखाना टिकावा, आपल्या समुद्रातली मासळी आपल्या जाळ्यात यावी. एकाला १८४६ हवे होते, दुसऱ्याला १९३२. मतपत्रिकेवर दोघांनी एकाच चौकोनात फुली मारली. जोवर बाहेर पडणे प्रत्यक्षात आले नव्हते, तोवर दोघांनाही आपलीच आशा फळणार असे वाटणे शक्य होते.

आता पुराव्याकडे वळू. २०१६ च्या अखेरीचे चांगले आकडे खरेच होते. पण ते कशाचे होते? ब्रिटन तेव्हा युरोपीय संघातच होता! बाहेर पडण्याची रीतसर नोटीस दिली गेली २९ मार्च २०१७ रोजी. प्रत्यक्ष सदस्यत्व संपले ३१ जानेवारी २०२० रोजी, आणि सामाईक बाजारपेठेतून पाय निघाला तो ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री. कौल आणि निरोप यांच्यामध्ये साडेचार वर्षे गेली. त्या काळात एकाही ट्रकला नवे जकात नाके लागले नाही, एकाही व्यापाऱ्याला नवा कागद भरावा लागला नाही. घर सोडायचे ठरले होते, सोडले नव्हते. आणि छप्पर कोसळले नाही म्हणून लोक एकमेकांचे अभिनंदन करीत होते.

दुसरे असे की, पडझड थांबवण्यासाठी टेकू लावलेले होते. ४ ऑगस्ट २०१६ रोजी बँक ऑफ इंग्लंडने व्याजाचा दर अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणला आणि ६० अब्ज पौंडांचे सरकारी रोखे विकत घेण्याचे ठरवले. शेअर बाजाराच्या तेजीचे रहस्यही पौंडाच्या घसरणीत होते. त्या बड्या कंपन्यांची बरीचशी कमाई परदेशात, डॉलरमध्ये. पौंड उतरला की तीच कमाई पौंडांत मोजताना फुगून दिसते. तापाने चेहरा लाल व्हावा आणि लोकांनी तब्येत सुधारली म्हणावे, तसा तो प्रकार होता.

पौंडाच्या घसरणीचे बिल हळूहळू घरोघर पोहोचले. जून २०१६ मध्ये महागाईचा दर ०.५ टक्के होता, तो नोव्हेंबर २०१७ मध्ये ३.१ टक्के झाला आणि पगारवाढ तिच्यामागे लंगडत राहिली. उद्योगांची नवी गुंतवणूक २०१६ नंतर जवळजवळ जागच्या जागी थांबली. निस्साननेही जाहीर केलेल्या मोटारींपैकी एक फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानला परत नेली. यांपैकी एकही गोष्ट एका रात्रीत घडली नाही, म्हणून कोणत्याही एका दिवसाची ती मोठी बातमी झाली नाही.

येथे ग्रीनलंडचे उदाहरण आठवते. डेन्मार्कबरोबर १९७३ साली ते युरोपीय समुदायात ओढले गेले होते. वस्ती जेमतेम पन्नास हजारांची, उपजीविका मासळीची. फेब्रुवारी १९८२ च्या सार्वमतात सुमारे ५३ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ते बाहेर पडले. परंतु त्या तीन वर्षांत त्यांनी सौदा नीट ठरवून घेतला: तुमच्या बोटींना आमच्या समुद्रात मर्यादित मुभा, त्याबद्दल आम्हांला रोख मोबदला, आणि आमच्या मासळीला तुमच्या बाजारात जकात माफ. एकच जिन्नस, एकच प्रश्न, आणि काय हवे याविषयी बहुतांशी एकवाक्यता. ब्रिटनमध्ये जिनसा हजार होत्या, आणि काय हवे याचे भांडण कौलानंतर सुरू झाले.

१ जानेवारी २०२१ उजाडले आणि खरी परीक्षा सुरू झाली. त्या पहिल्या महिन्यात युरोपकडे जाणारी मालाची निर्यात सुमारे ४० टक्क्यांनी घटली. पुढे त्यातली बरीच भरून आली, तरी छोटे व्यापारी नव्या कागदपत्रांनी बेजार झाले. १८ जानेवारीला स्कॉटलंडच्या मासळी निर्यातदारांनी आपले ट्रक थेट लंडनमध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानाजवळ आणून उभे केले. कोळंबी, खेकडे कागदाची वाट पाहत थांबत नाहीत. किनाऱ्यावरच्या ज्या धंद्याने सर्वांत मोठी आशा धरली होती, त्यालाच पहिला चटका बसला.

आयर्लंडचे दुखणे आणखी खोल. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक यांच्यामधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची. १९९८ च्या शांतता करारानंतर तिच्यावरचे पहारे उठले. शेत एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला, अशी माणसे मोकळेपणाने येजा करू लागली. तेथे पुन्हा नाकी उभारणे म्हणजे जुनी जखम उघडणे. अखेर जकातीची रेघ समुद्रात, ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये ओढावी लागली. नकाशावरची रेघ जेवणाच्या ताटापर्यंत कशी येते, हे सीमाभागातल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

जमेची बाजूही मांडली पाहिजे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडशी करार झाले. २०२४ च्या डिसेंबरात ब्रिटन पॅसिफिक महासागराभोवतीच्या राष्ट्रांच्या व्यापारी गटात सामील झाला. २०२५ साली अमेरिकेने जकाती वाढवल्या तेव्हा ब्रिटनच्या वाट्याला १० टक्के आणि युरोपीय संघाच्या वाट्याला १५ टक्के आल्या. आणि २४ जुलै २०२५ रोजी भारताशी करारावर सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरची १५० टक्के जकात प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले. थेरेसा मे दिल्लीला आल्या त्याला तेव्हा जवळजवळ नऊ वर्षे होत आली होती. स्वतः ब्रिटिश सरकारच्या हिशेबाने या कराराचा दूर भविष्यातला वार्षिक लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१३ टक्के. उलट, तेथील अर्थसंकल्पीय अंदाजांचे स्वतंत्र कार्यालय बाहेर पडण्याने दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी घटेल असे धरून चालत आले आहे. मिनफर्ड यांचा आकडाही ४ च होता. फक्त चिन्ह वेगळे होते. दूरचे दहा बाजार मिळूनही शेजारच्या बाजाराची जागा भरून निघत नाही, हा व्यापाराचा जुना नियम. २०१६ साली ब्रिटनच्या निर्यातीपैकी सुमारे ४४ टक्के शेजारच्या युरोपातच जात होती.

मग त्या आशावादाचे मोल काय ठरवायचे? माझ्या मते त्याचा दोष आशा करणाऱ्या सामान्य माणसाकडे कमी जातो आणि भीती घालणाऱ्या जाणत्यांकडे अधिक. त्याच अर्थखात्याने एप्रिल २०१६ मध्ये दुसराही एक अहवाल काढला होता, त्यात पंधरा वर्षांत होणाऱ्या संथ झिजेचा हिशेब होता. तो बऱ्याच अंशी दिशेला धरून होता. परंतु संथ झिजेने मते फिरत नाहीत, म्हणून उद्याच्या प्रलयाची भाषा वापरली गेली. प्रलय आला नाही, तेव्हा लोकांनी दोन्ही अहवाल एकाच टोपलीत टाकले. खरे सांगणाऱ्याने ते फुगवून सांगितले की त्याच्या खऱ्या शब्दाचीही किंमत जाते.

आणि आशा करणाऱ्यांचेही एक चुकलेच. ‘पी हळद, हो गोरी’ म्हणून आपण उतावळ्याला हसतो. त्या वर्षी ब्रिटनमध्ये हळद अजून वाटलीही नव्हती, आणि लोक आरशात पाहून रंग उजळल्याचे सांगत होते. राष्ट्राने घेतलेल्या निर्णयाचा हिशेब मतमोजणीच्या रात्री लागत नाही, पुढच्या तिमाहीतही लागत नाही. जी मुले २०१६ साली दहा वर्षांची होती आणि ज्यांना मतदानाचा अधिकार नव्हता, त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्यात तो लागेल. तोवर जयजयकार आणि शोक, दोन्ही थोडे राखून ठेवलेले बरे.