सीआरटी मॉनिटरच्या दुरुस्तीतील विद्युत धोके

सीआरटी मॉनिटरच्या दुरुस्तीतील विद्युत धोके हे मुख्यतः उपकरणात साठून राहणाऱ्या विद्युतभारामुळे उद्भवतात. कॅथोड किरण नलिका, म्हणजेच पिक्चर ट्यूब असलेले हे मॉनिटर सपाट पडदे रूढ होण्यापूर्वी संगणकासोबत सर्रास वापरले जात. वीजपुरवठा तोडल्यानंतरही त्यांतील काही भाग भारित राहू शकतात. त्यामुळे प्लग काढलेला मॉनिटर निर्धोक असतो, हा समज चुकीचा आहे.

पिक्चर ट्यूब

रंगीत मॉनिटरच्या नलिकेतील धनाग्राला साधारणतः २०,००० ते ३०,००० व्होल्टचा दाब लागतो. हा दाब फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर पुरवतो. नलिकेच्या काचेला आतून व बाहेरून विद्युतवाहक लेप असतो. हे दोन लेप आणि मधली काच मिळून एक कपॅसिटर तयार होतो व तो भार साठवतो. नलिका एकदा निर्भारित केली, तरी काचेने शोषलेला भार काही वेळाने लेपांवर पुन्हा प्रकट होऊ शकतो.

वीजपुरवठा मंडल

घरगुती २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे एकदिशीकरण झाल्यावर मुख्य फिल्टर कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब येतो. नलिकेच्या तुलनेत हा आकडा लहान असला, तरी २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये या दाबाला सुमारे ११.६ ज्यूल ऊर्जा साठते. नलिकेतील ऊर्जा बहुधा १ ज्यूलच्या आसपास वा त्याहून कमी असते. म्हणून केवळ व्होल्टच्या आकड्यावरून धोका ठरवता येत नाही.

परिणाम

विजेच्या धक्क्याने भाजणे, स्नायू आखडणे किंवा हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवणे संभवते. दचकून हात आपटल्यास नलिका फुटू शकते. ती निर्वात असल्याने फुटताना काचा वेगाने उडतात.

खबरदारी

• हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच, शक्यतो सोबतीला कोणी असताना करावे.
• प्लग काढल्यानंतर नलिकेचा भार योग्य रोधक व उच्च दाबासाठी बनवलेल्या साधनाद्वारे नलिकेच्या बाह्य लेपाच्या भूसंपर्क तारेकडे उतरवतात. काही वेळाने ही कृती पुन्हा करतात.
• मुख्य कपॅसिटर पेचकसाने थेट जोडू नये. रोधकातून निर्भारित करून मल्टिमीटरने दाब तपासावा.
• अंगठी, घड्याळ काढून ठेवावे व डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा.
• चालू मंडलाची तपासणी अपरिहार्य असल्यास एकच हात वापरावा, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हाताकडे, छातीमार्गे, प्रवाह जाण्याची शक्यता घटते.