घारापुरीचा दुसरा डोंगर

महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबरला, किनवट-माहूर परिसरातील उपासक-उपासिका चैत्यभूमीवर अभिवादनासाठी मुंबईस जातात. पैनगंगेच्या खोऱ्यातून रेल्वेने होणाऱ्या या दीर्घ प्रवासास एक दिवस जोडून त्यांनी घारापुरी बेट अवश्य पाहावे, असे आम्ही सुचवितो.

गेटवे ऑफ इंडियापासून लाँच सुमारे तासाभरात बेटावर पोहोचते. बहुसंख्य प्रवासी पश्चिमेच्या डोंगरातील सहाव्या शतकातील भव्य शैव लेणे पाहून परततात. १९८७ साली युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या या बेटावर पूर्वेसही एक डोंगर आहे. त्याचे नावच मुळी 'स्तूप टेकडी'. तेथे विटांच्या स्तूपाचे अवशेष, एक अपुरे राहिलेले लेणे आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील असावा, असे मानले जाते. कान्हेरीच्या शिलालेखांत अशा टाक्यांस 'पोढी' म्हटले आहे. समुद्राने वेढलेल्या खडकावर संघाला वास्तव्य करावयाचे, तर गोड्या पाण्याचा साठा अपरिहार्यच होता.

संघ समुद्राकाठी का आला, याचे उत्तर व्यापारी मार्गांत मिळते. पालि साहित्यातील 'सुप्पारक' म्हणजे आजचे सोपारा. तेथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. जहाज फुटल्यावर बाहिय दारुचीरिय याच बंदराच्या किनाऱ्यास लागला, असे अट्ठकथा सांगते. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीस कोरलेली आहेत. घारापुरी याच जलमार्गांच्या सान्निध्यात आहे.

घारापुरीची 'त्रिमूर्ती' मुळात बुद्धमूर्तीच होती, असे आपल्यापैकी काही बांधव उत्साहाने सांगतात. हे विधान पुराव्यावर टिकत नाही. ते सदाशिवाचे शिल्प आहे. तसेच या बेटाचा बौद्ध धम्माशी संबंधच नव्हता, हे विधानही टिकत नाही. एक अतिरंजित दावा खोटा ठरला की त्याच्यासोबत आपला खरा वारसाही संशयास्पद ठरविला जातो. ज्याला प्रत्यक्ष पुरावा आहे, तो स्तूप मात्र दुर्लक्षित राहतो.

धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. ये आणि पाहा. इतिहासासही हीच कसोटी लावावी. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानी ठेवून जावे. मुलांना दोन्ही डोंगर दाखवावेत. काय सिद्ध आहे आणि काय केवळ तर्क आहे, हे तेथेच समजावून सांगावे. स्तूपाची एकही वीट मात्र जागची हलवू नये.