क्युटिस व्हर्टिसिस गायराटा

क्युटिस व्हर्टिसिस गायराटा हा डोक्याची त्वचा जाड होऊन तिच्यावर घड्या व खोल खाचा पडण्याचा दुर्मिळ विकार आहे. या लॅटिन नावाचा अर्थ ‘माथ्याची वळ्या पडलेली त्वचा’ असा होतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सोन उन्ना यांनी १९०७ मध्ये ते वापरले. विकाराचे प्रमाण दर लाख पुरुषांमागे सुमारे एक असल्याचा अंदाज आहे. स्त्रियांमध्ये तो त्याहून बराच विरळ आढळतो.

लक्षणे

घड्या बहुधा माथ्यावर व डोक्याच्या मागील भागावर असतात. बोटांनी ताणल्या तरी त्या सपाट होत नाहीत. सहसा वेदना नसतात. मात्र खाचांमध्ये घाम व मृत त्वचा साचल्यास खाज, दुर्गंधी आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो.

प्रकार

* प्राथमिक : बहुधा वयात आल्यानंतर आणि तिशीपूर्वी सुरू होतो. काही रुग्णांत तो त्वचेपुरता मर्यादित असतो, तर काहींत बौद्धिक अक्षमता, अपस्मार किंवा डोळ्यांचे विकारही आढळतात.
* दुय्यम : दुसऱ्या आजारामुळे उद्भवतो. ॲक्रोमेगॅली, थायरॉइडचे विकार, पॅकिडर्मोपेरिऑस्टोसिस, डोक्यावरील मोठा जन्मजात तीळ आणि त्वचेचा दीर्घकालीन दाह ही त्याची काही कारणे होत.

निदान

घड्या पाहून विकार ओळखता येतो, परंतु त्याचे कारण शोधणे अधिक महत्त्वाचे ठरते. ॲक्रोमेगॅलीमध्ये पीयूषिका ग्रंथीतील गाठीमुळे वृद्धी संप्रेरक जास्त स्रवते. हातपाय व जबडा हळूहळू वाढतो आणि उपचारांअभावी हृदयविकार व मधुमेह संभवतो. अशा वेळी डोक्यावरील घड्या मूळ आजाराची खूण ठरू शकतात. म्हणून रक्ततपासणी, गरजेनुसार मेंदूचे एमआरआय चित्रण आणि त्वचेच्या तुकड्याची तपासणी केली जाते. त्यासाठी त्वचारोग व अंतःस्रावी ग्रंथी या दोन्ही शाखांच्या तज्ज्ञांची गरज भासू शकते. मुंबईत परळ येथील १९२६ मध्ये सुरू झालेल्या महापालिकेच्या केईएम रुग्णालयात हे दोन्ही विभाग आहेत.

उपचार

दुय्यम प्रकारात मूळ आजारावर उपचार करतात. प्राथमिक प्रकारात खाचा स्वच्छ व कोरड्या ठेवणे पुरेसे ठरू शकते. मुंबईसारख्या दमट हवेत ही काळजी विशेष आवश्यक असते. दिसण्यामुळे मानसिक त्रास होत असल्यास शस्त्रक्रियेने घड्या काढता येतात. विस्तृत घड्यांसाठी ती टप्प्याटप्प्याने करावी लागू शकते. जन्मजात तिळामुळे घड्या पडल्या असल्यास कर्करोगाची शक्यता लक्षात घेऊन नियमित तपासणी करतात किंवा तो भाग काढून टाकतात. हा विकार संसर्गजन्य नाही.