बालाघाटाचे सीताफळ : बियांपासून कलमापर्यंत

बीड जिल्ह्याची भूमी स्थूलमानाने दोन भागांत विभागली जाते: उत्तरेस गोदावरीकाठची सखल, काळ्या मातीची गंगथडी, आणि तिच्या दक्षिणेस बालाघाटाच्या रांगा, त्यांवरची पठारे व मुरमाड उतार. धारूर, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, आष्टी या तालुक्यांतील अशा उतारांवर, जेथे ज्वारीलाही पुरेशी माती सापडत नाही, तेथे सीताफळाची झाडे पिढ्यान् पिढ्या आपोआप उगवत आली असून त्यांच्या फळाला २०१६ मध्ये ‘बीड सीताफळ’ या नावाने भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित असलेल्या मालाच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण, प्राप्त झाले. या फळाच्या इतिहासात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. ज्याला फळबागशास्त्रात ‘वाण’ म्हणतात, म्हणजे ठरावीक गुणांचे व त्याच गुणांसह पुन्हा पुन्हा वाढवता येणारे झाड, तसे काही बालाघाटावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ नव्हतेच. होती ती बियांपासून वाढलेली, एकमेकांशी नाते सांगणारी, पण एकासारखी दुसरी नसलेली अगणित झाडे. चांगले फळ देणारे एखादे झाड सापडले, तरी त्याच्यासारखे दुसरे झाड कसे तयार करायचे, हा प्रश्न दीर्घकाळ सुटला नाही आणि तो सुटला तेव्हा ‘हे फळ कोणाचे’ असा वेगळाच प्रश्न उभा राहिला.

सीताफळ, शास्त्रीय नावाने ॲनोना स्क्वामोसा, हे मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ते भारतात आले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. या मताला पहिला ठळक आक्षेप अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी घेतला. भारहूतच्या स्तूपावरील १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तेथील शिल्पांत सीताफळासारखे फळ दिसत असल्याचे त्यांनी नोंदवले. पण लागवडीतील वनस्पतींच्या उगमाचा शोध घेणाऱ्या आल्फोन्स द कांदोल यांना तो पुरावा पटला नाही. पुढे टोकवा व सांघोल येथील उत्खननांत याच कुळातील बिया मिळाल्याचे दावे झाले आणि वाद पुन्हा उकरला गेला. बालाघाटापुरता या वादाचा निकाल कसाही लागला तरी फारसे बिघडत नाही, कारण झाड परके असो वा देशी, या डोंगरांनी ते इतके आपलेसे केले की त्याची आवक झाल्याची आठवण लोकस्मृतीत कोठेच उरलेली नाही.

ते येथे टिकले याचे मुख्य कारण शेळी हे होय. सीताफळाची पाने व बिया यांत कडवट, विषारी द्रव्ये असतात (बियांची पूड डोक्यातील उवा मारण्यासाठी वापरण्याची रीत त्यातूनच आली, आणि ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते). त्यामुळे बोर-बाभळीचा पाला ओरबाडणारी जनावरे या झाडाला तोंड लावीत नाहीत. चराईने उघड्या पडलेल्या टेकडीवर इतर रोपटी नाहीशी होत गेली आणि सीताफळ मात्र वाढत राहिले. शिवाय हे पानझडी झाड आहे: हिवाळ्याच्या अखेरीस पाने गाळून उन्हाळा निभावायचा, पावसाच्या सुमारास नवी पालवी धरायची आणि दसरा-दिवाळीच्या आसपास फळ द्यायचे, असा त्याचा वर्षक्रम कमी पावसाच्या मुलखाला साजेसा आहे. फळे वेचून डालग्यांतून आठवडी बाजारात आणणे हे मुख्यतः भूमिहीन कुटुंबांचे व तांड्यांवरील स्त्रियांचे काम राहिले. फळ केव्हा तोडावे याची खूणही या वेचणाऱ्यांनीच पक्की केली. फळावरील खवल्यांना ‘डोळे’ म्हणतात. दोन डोळ्यांमधील फट रुंदावून तिच्यात पिवळसर पांढरी रेघ दिसू लागली, म्हणजेच ‘डोळे उघडले’, की फळ तोडायचे आणि ते घरी किंवा वाटेत दोन-तीन दिवसांत पिकते. डोळे उघडण्याआधी तोडलेले फळ नीट पिकत नाही व त्याला गोडीही येत नाही, आणि उशीर झाला तर ते झाडावरच फुटते.

अशा बियांच्या झाडांत विविधता मोठी असते. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतात, म्हणून तेच फूल स्वतःला फळवू शकत नाही. परागवहनाचे काम लहान भुंगेरे करतात, आणि फुले पुष्कळ येऊनही फळे थोडीच धरतात. परागाचा असा परस्थ संयोग होत असल्याने एका फळातील बियांपासूनही सर्व रोपे सारखी निघतील अशी खात्री देता येत नाही. काही फळबागशास्त्रज्ञांच्या मते सीताफळाची रोपे आंब्याच्या मानाने मातृवृक्षाच्या बरीच जवळ जातात, आणि ते खरेही आहे. तथापि गराचे प्रमाण, बियांची संख्या, फळाचा आकार, तडकण्याची प्रवृत्ती या बाजाराला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गुणांतच नेमका फरक पडतो. एकाच उतारावरच्या दोन झाडांपैकी एकाचे फळ गराने भरलेले आणि दुसऱ्याचे बियांनी खच्चून भरलेले निघते, हे वेचणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. पण त्या ज्ञानाचा उपयोग झाड निवडण्यापुरता झाला, झाड वाढवण्यासाठी झाला नाही.

झाडाची फांदी रोवून दुसरे झाड करण्याची विद्या भारतात जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष इत्यादी ‘कांडरोप्य’, म्हणजे खोडाच्या तुकड्यापासून लावण्याजोग्या, वनस्पतींची यादी असून ते तुकडे शेणाने लिंपून लावावेत असे सांगितले आहे. एका झाडाचा भाग दुसऱ्याच्या मुळावर वा खोडावर बसवण्याचाही तेथे निर्देश आहे. या पद्धतींपैकी पहिलीला आज छाट कलम म्हणतात. तिचे यश एका गोष्टीवर अवलंबून असते: तोडलेल्या काडीच्या तळाशी असलेल्या पेशींनी आपले जुने काम सोडून मुळे निर्माण करण्यास प्रवृत्त व्हावे लागते. द्राक्षाची काडी हे सहज करते, डाळिंबाची बऱ्यापैकी करते. सीताफळाची जून काडी बहुधा करीत नाही. ती काही आठवडे हिरवी राहते, कधीकधी साठवलेल्या अन्नावर पालवीही फोडते, आणि खाली मूळ न सुटल्याने सुकून जाते. १९३५ मध्ये अमेरिकेतील झिमरमन व विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्ल हे संजीवक काड्यांना मुळे फुटण्यास मदत करते असे दाखवून दिले आणि जगभरच्या रोपवाटिकांचे काम सोपे केले. सीताफळाच्या बाबतीत मात्र या संजीवकानेही व्यापारी प्रमाणावर भरवशाचे यश दिले नाही.

या एका अडचणीचा परिणाम शेजारच्या पिकांशी ताडून पाहिला की स्पष्ट होतो. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदी जातीच्या डाळिंबाच्या रोपांतून एक रोप निवडले. पुढे ‘गणेश’ म्हणून ओळखले गेलेले ते वाण गुटी कलमांनी, म्हणजे झाडावरच असलेल्या फांदीची साल काढून तेथे ओले शेवाळ बांधून मुळे फोडण्याच्या पद्धतीने, महाराष्ट्रभर पसरू शकले. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांना थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या वेलीवर लांबट मण्यांचा वेगळा फुटवा आढळला, आणि काड्या लावून त्याचेच ‘सोनाका’ वाण झाले. डाळिंब व द्राक्ष यांच्या बाबतीत शेतकऱ्याची नजर आणि काडीची तयारी यांची भेट झाली. बालाघाटावर नजर होती, काडी साथ देत नव्हती.

त्यात राज्यव्यवस्थेचाही वाटा होता. १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्याच दुसऱ्या टोकाला महबूबनगर जिल्ह्यात बालानगर येथे डोंगरी सीताफळ विपुल होते, आणि त्या गावाच्या नावाने ‘बालानगर’ हे वाण पुढे देशभर प्रसिद्ध झाले. बालाघाटाच्या फळाला असे कोणी नाव दिले नाही. बालानगरच्या फळात काही अलौकिक होते असे म्हणता येत नाही; हैदराबाद शहराची बाजारपेठ त्याला जवळ होती, हे कारण अधिक खरे वाटते.

१८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षीच्या दुष्काळाने कोरडवाहू शेतीला फळझाडांची जोड देण्याचा विचार बळावला. खरी गती मात्र १९९०-९१ पासून आली, जेव्हा महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू केली आणि खड्डे खोदण्यापासून झाडे जगवण्यापर्यंतचा खर्च अनुदानातून मिळू लागला. बोर, आवळा, चिंच यांच्याबरोबर सीताफळही त्या योजनेत होते. डोंगरावरचे झाड प्रथमच शेतात आले आणि त्याबरोबर जुनी अडचण पैशांच्या रूपाने पुढे आली: बियांच्या रोपांच्या बागेत प्रत्येक झाड वेगळ्या वेळी व वेगळ्या प्रतीचे फळ देऊ लागले, तर व्यापारी एकसारख्या मालालाच चांगला भाव देतो.

यावर उपाय ठरले ते मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या, अजून पूर्ण लाकूड न बनलेल्या खोडावर बांधलेले कलम. यात मुळे फोडण्याची जबाबदारी काडीवर टाकलीच जात नाही. ती गावरान बियांपासून वाढवलेल्या रोपाकडे, म्हणजे ‘खुंटा’कडे राहते. हे काम प्रामुख्याने हिवाळा सरता सरता, झाडात रस चढू लागतो त्या सुमारास केले जाते. निवडलेल्या मातृवृक्षावरील पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काडीची पाने आठ-दहा दिवस आधी देठ राखून कापतात, म्हणजे देठ गळून पडतात आणि त्यांच्या बगलेतील डोळे फुगतात. सीताफळात डोळा देठाच्या तळाशी झाकलेला असल्याने ही पायरी टाळता येत नाही. मग खुंट वरून छाटून त्याच्या मधोमध तीन-चार सेंटिमीटर खोल चीर देतात, काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरका काप घेऊन पाचर करतात, ती चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. साल व लाकूड यांच्यामधला पातळ जिवंत थर निदान एका बाजूने तरी जुळला पाहिजे. तो केसभर हुकला तर वरचे डोळे फुगून तेथेच काळे पडतात. चाकूची धार, हवेतील दमटपणा आणि बांधणाऱ्याचा हात यांवर यशाचे प्रमाण इतके बदलते की त्यासंबंधी कोणताही एक आकडा सांगण्यात अर्थ नाही.

कलम शक्य झाल्यावर वाणांची तुलना करण्यास अर्थ आला. विद्यापीठाच्या अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राने डोंगरी झाडांतून निवड करीत ‘धारूर-६’ हे वाण पुढे आणले, आणि ज्या डोंगरांना वाणच नव्हते त्यांतील एका झाडाला प्रथमच नाव व क्रमांक मिळाला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे ‘अर्का सहन’ हे संकरित वाण याच तुलनेत आले. त्यात बिया कमी आणि गोडी भरपूर, पण झाडाला पाण्याची व हाताने परागीभवन करण्याची गरज अधिक. तुलनेचे निकष साधारणतः फळाचे वजन, गराचे शेकडा प्रमाण, बियांची संख्या, रसातील विद्राव्य घटक म्हणजे गोडीचे माप, आणि तोडणीनंतर टिकण्याचे दिवस हे असतात. यांत सुगंध आणि गराचा रवाळपणा सहसा मोजला जात नाही, आणि बालाघाटाचे गावरान फळ या दोन गुणांवरच ओळखले जात आले आहे. तक्त्यात ते फळ मागे पडते, याचे निदान एक कारण तक्त्याच्या रकान्यांत आहे.

बाजाराने आपला निकाल मात्र दिला आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात, बालाघाटाच्याच दक्षिण अंगाला, गोरमाळे येथील नवनाथ मल्हारी कसपटे यांनी निवडीतून विकसित केलेले ‘एनएमके-०१ गोल्डन’ हे वाण मोठे फळ, गराच्या मानाने कमी बिया आणि तोडणीनंतर काही दिवस अधिक टिकण्याची क्षमता या बळावर महाराष्ट्राबाहेरही पोचले. त्याची नोंदणी पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ खाली झाली आहे. या कायद्यानुसार झाडांच्या नोंदलेल्या वाणावर जास्तीत जास्त १८ वर्षे हक्क राहतो, आणि शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात ते वाण राखण्याची, लावण्याची व इतर शेतकऱ्यांशी त्याची देवाणघेवाण करण्याचीही मुभा असते. नोंदलेल्या नावाची छाप लावून रोपे विकण्याची मात्र नसते. भौगोलिक मानांकन १९९९ च्या वेगळ्या कायद्याने चालते: त्यात हक्क व्यक्तीचा नसून प्रदेशातील उत्पादकांचा असतो, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून तो अमर्याद काळ टिकवता येतो.

हे दोन कायदे एकाच बागेत समोरासमोर येतात. बीड जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्यांनी रोजगार हमीच्या काळात बियांची रोपे लावली, त्यांपैकी अनेकांनी जुनी झाडे छाटून नव्या फुटव्यांवर गोल्डनची कलमे बांधली. त्या झाडाची मुळे बालाघाटाच्या गावरान बियांची, माती व पाऊस बीडचे, फळ मात्र गोरमाळ्याच्या वाणाचे; त्याला ‘बीड सीताफळ’ म्हणून विकावे की नाही, याचे उत्तर मानांकनाच्या अर्जात नोंदलेल्या फळाच्या वर्णनावर ठरते, आणि ते वर्णन डोंगरी फळाचे आहे. दरम्यान अंबाजोगाई व धारूरच्या उतारांवरची अनामिक झाडे सरपणासाठी आणि रस्तारुंदीत तुटत आहेत. पुढच्या एखाद्या ‘धारूर’ वाणाची मातृवृक्षे त्यांतच असण्याचा संभव असल्याने त्यांची निवड करून, कलमे बांधून एखाद्या जतनबागेत ठेवणे हे मानांकनाच्या प्रमाणपत्राइतकेच निकडीचे काम आहे, आणि मृदुकाष्ठ कलमाचे तंत्र हाती असल्याने ते आता अशक्यही राहिलेले नाही.