कापरेकर स्थिरांक
दशमान पद्धतीतील चार अंकी संख्यांवर एक ठराविक क्रिया वारंवार केली असता शेवटी मिळणारी ६१७४ ही संख्या. भारतीय गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांच्या नावाने ती ओळखली जाते.

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. शिक्षण ठाणे व पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे झाले. बी. एस्‌सी. झाल्यावर (१९२९) त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ पर्यंत शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण वा विद्यापीठातील पद नसताना त्यांनी संख्यांचे संशोधन आयुष्यभर चालविले. ६१७४ चा गुणधर्म त्यांना १९४६ मध्ये आढळला व १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. १९५५ मध्ये त्याविषयीचा त्यांचा लेख अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतातील अनेक गणितज्ञांनी हे कार्य केवळ मनोरंजनाचे मानले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधील आपल्या सदरात त्याची माहिती दिल्यावर मात्र ते जगभर ज्ञात झाले.

क्रिया अशी : चारही अंक समान नसलेली संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी, आरंभीचे शून्य गाळू नये. येणाऱ्या वजाबाकीवर हीच क्रिया पुन्हा करावी. उदा., कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९५१० − ०१५९ = ९३५१ आणि पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४ या संख्या मिळतात. येथे सात पायऱ्या लागल्या. त्याहून अधिक कधीच लागत नाहीत. ७६४१ − १४६७ = ६१७४ असल्याने पुढे बदल होत नाही.

उतरत्या क्रमातील अंक अ, आ, इ, ई मानल्यास वजाबाकी ९९९ (अ − ई) + ९० (आ − इ) इतकी येते. पहिला फरक १ ते ९ व दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंत असू शकतो. म्हणून पहिल्याच पायरीनंतर केवळ ५४ संख्या उरतात. त्यांच्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ असते. चार समान अंकांची बेरीज ४ ने भाज्य असते. १८ व २७ तशा नाहीत. त्यामुळे ही क्रिया शून्यावर थांबत नाही. या ५४ संख्या तपासल्या असता स्थिर राहणारी ६१७४ ही एकच संख्या आढळते व इतर सर्व तिच्याकडेच जातात.

तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्यांना मात्र स्थिरांक नाही. त्या ०९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. पाच अंकी संख्याही चक्रातच अडकतात, तर सहा अंकी संख्यांत ५४९९४५ व ६३१७६४ या दोन स्थिर संख्या असून एक चक्रही आहे.

हा गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून आहे, संख्येच्या मूळ स्वरूपावर नाही. त्याला गौण मानण्यामागे हे एक कारण होते. तथापि पाया बदलल्यास किंवा अंक वाढविल्यास कोणते स्थिरांक व कोणती चक्रे मिळतात, हा त्यातून निघालेला प्रश्न पुढे अनेकांच्या अभ्यासाचा विषय झाला. शालेय वजाबाकीपलीकडे काहीही न लागणारी ही क्रिया विद्यार्थ्याला निरीक्षणाकडून सिद्धतेकडे नेते, हे तिचे शैक्षणिक महत्त्व होय.